लॅपटॉपच्या वाय-फायचा कर्नलबाहेरचा ड्रायव्हर सांभाळतोय. थांबू की अपस्ट्रीम करू (मुख्य कर्नलमध्ये घालू)?

तारेविना

नमस्कार मंडळी. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या गाभ्यावर, काम करणारे काही जण इथे आहेत, त्यांचं मत हवंय.

माझ्या लॅपटॉपमध्ये ८०२.११एसी (वाय-फाय ५) पिढीचं पीसीआय-ई वाय-फाय कार्ड आहे. त्यावरच्या चिपला कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीने कधीकाळी जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लावून कोडची एक झिप दिली. ती कुणीतरी गिटहबवर चढवली, डीकेएमएसची (नवीन कर्नल आला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा बिल्ड करणाऱ्या साधनाची) सोय केली आणि बरीच वर्षं निष्ठेने चालू ठेवली. त्यांना ते झेपेनासं झालं तेव्हा रिपॉझिटरी माझ्याकडे आली, कारण तोवर सगळ्यात जास्त पॅच माझेच जात होते.

तेव्हापासून एकच चक्र चालू आहे. नऊ-दहा आठवड्यांनी नवीन कर्नल येतो आणि पहिल्याच आरसीला (चाचणीच्या आवृत्तीला) बिल्ड फुटतो, म्हणजे कोड कम्पाइलच होत नाही. कधी टायमरच्या फंक्शनचं नाव बदललेलं असतं, कधी सीएफजी८०२११ या कर्नलच्या वाय-फाय इंटरफेसच्या एखाद्या कॉलबॅकला एक आर्ग्युमेंट वाढलेलं असतं. 'कर्नल अमुकच्या पुढचा असेल तर हे, नाहीतर ते' अशी अट घालून मी बिल्ड पुन्हा उभा करतो. अशा अटींचं आता रान माजलंय. कोड कम्पाइल होतो, पण आत तो नेमकं काय करतो हे मोजक्याच फाइलींपुरतं मला ठाऊक आहे. सस्पेंडमधून उठवलं की कार्ड गायब होतं, अशा तक्रारी सतत येतात आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. याचं मला फार वाईट वाटतं. त्यातल्या कित्येकांकडे तो एकच लॅपटॉप आहे आणि त्यांचं सगळं काम त्यावर चालतं.

हा कोड आहे तसा कर्नलच्या स्टेजिंगमध्ये (अजून कच्च्या असलेल्या ड्रायव्हरांच्या विभागात) घालता येईल का? की सगळं नव्याने लिहावं लागेल? की सरळ रिपॉझिटरी बंद करावी? चिपचा क्रमांक हवा असेल तर व्यक्तिगत निरोपात देतो. इथे मॉडेलवरून वाद व्हायला नको.

दुसराकीबोर्ड

माझं मत सरळ आहे: कार्ड बदला. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते एम.२ खाचेत बसवलेलं असतं, एक स्क्रू काढला की हातात येतं. कर्नलमध्ये चांगला चालणारा ड्रायव्हर असलेलं कार्ड घाला आणि मोकळे व्हा. फक्त इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ घेऊ नका. ती सीएनव्हीआय प्रकारची आहेत, म्हणजे अर्धं वाय-फाय प्रोसेसरच्या बाजूला असतं आणि कार्डावर फक्त रेडिओचा भाग. साध्या पीसीआय-ई खाचेत ती चालत नाहीत. एएक्स२०० किंवा एएक्स२१० चालतं.

रेडिओवेडी

ज्याला जमेल त्याने कार्ड बदलावं, हे बरोबरच आहे. पण पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड मदरबोर्डवर सोल्डर केलेलं असतं, आणि काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते, बाकीच्यांना तो बूटच होऊ देत नाही. शिवाय तारेविना यांच्यावर विसंबलेले इतर लोक आहेतच. म्हणून मूळ प्रश्नाकडे येते.

मी कर्नलमधल्या एका वाय-फाय ड्रायव्हरचे पॅच तपासते. कोणता भाग कोण सांभाळतं हे सांगणाऱ्या मेंटेनर्स फाइलीत माझं नाव 'आर' अक्षरापुढे आहे, 'एम'पुढे नाही. म्हणजे मी रिव्ह्यू करते, शेवटचा निर्णय माझा नसतो. आलेला प्रत्येक पॅच मी माझ्याकडच्या लॅपटॉपवर चालवून बघते, त्या अनुभवातून लिहितेय.

तुमचा कोड आहे तसा कर्नलमध्ये जाणार नाही. पण इतकी वर्षं त्या चिपशी झगडून तुम्हाला तिच्याबद्दल जे कळलंय ते नक्की जाऊ शकतं, आणि त्याची खरोखर गरज आहे.

कोड का जाणार नाही, ते सांगते. झिपमधली एमएलएमई नावाची फाइल उघडून बघा. स्कॅन, ऑथेंटिकेशन, असोसिएशन, फ्रेम एकत्र करणं, एन्क्रिप्शन, सगळं कंपनीने स्वतःच लिहिलेलं दिसेल. तोच कोड वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावा म्हणून मध्ये आणखी एक थर असेल. लिनक्समध्ये ही सगळी कामं २००७ पासून, म्हणजे २.६.२२ पासून, मॅक८०२११ हा कर्नलमधला सामायिक थर करतो. आयडब्ल्यूएलवायफाय, एटीएच९के, एमटी७६, आरटीडब्ल्यू८८ हे सगळे ड्रायव्हर त्याच्यावरच बसलेत. ड्रायव्हरकडे उरतं ते चिप चालू-बंद करणं, तिच्यात फर्मवेअर (चिपवरच चालणारा प्रोग्राम) भरणं, चॅनल लावणं आणि डीएमएच्या (चिपने थेट मेमरीशी देवघेव करण्याच्या) रिंगमधून फ्रेम आत-बाहेर करणं. दुसरा अख्खा ८०२.११ स्टॅक घेऊन येणारा ड्रायव्हर कुणी घेणार नाही.

यात बिल्ड फुटण्याहून गंभीर एक गोष्ट आहे. ११ मे २०२१ रोजी फ्रॅगअटॅक्स नावाच्या त्रुटी जाहीर झाल्या, एकूण १२ सीव्हीई (सुरक्षा-त्रुटींच्या नोंदी). वाय-फायच्या फ्रेमचे तुकडे जोडताना होणाऱ्या चुकांचा फायदा घेणारे ते हल्ले होते. मॅक८०२११मध्ये दुरुस्ती झाली आणि तुकडे जोडायचं काम त्याच्यावर सोपवणाऱ्या ड्रायव्हरांना ती आपसूक मिळाली. तुमच्या झिपमध्ये तुकडे जोडणारा कोड वेगळा आहे. रिसीव्हच्या फाइलीत 'डीफ्रॅग' शोधा आणि बघा: दोन तुकडे जोडण्याआधी ते एकाच किल्लीने एन्क्रिप्ट झालेत की नाही हे तिथे तपासलं जातंय का? जात नसेल, तर ड्रायव्हर 'चालतोय' असं आपण लोकांना मनापासून सांगू शकत नाही.

आता दर वेळी बिल्ड का फुटतो ते. युजरस्पेसचा प्रोग्राम मोडायचा नाही हा कर्नलचा शब्द आहे आणि तो कसोशीने पाळला जातो. आतल्या इंटरफेसबद्दल असा शब्द कधीच दिलेला नाही. कर्नलच्या दस्तऐवजांत ते उघड लिहिलंय. ४.१५ मध्ये टायमरची पद्धत बदलली तेव्हा बदल करणाऱ्यांनीच कर्नलमधला एकेक ड्रायव्हर उघडून नव्या पद्धतीवर आणला. बाहेरच्यांना आपापलं निस्तरावं लागलं. 'एक आर्ग्युमेंट वाढलं' म्हणता ते बहुधा लिंक आयडी असणार. वाय-फाय ७ मध्ये एकाच जोडणीचे अनेक दुवे असू शकतात, त्याची तयारी ६.० पासून सुरू झाली, आणि कुठला दुवा हे सांगण्यासाठी एकामागून एक फंक्शनं बदलत गेली. तुमची चिप वाय-फाय ५ ची, तिला याचा उपयोग शून्य. तरी निस्तरताय तुम्हीच, कारण ड्रायव्हर बाहेर आहे.

मग करायचं काय? कंपन्या प्रत्येक चिप मुळापासून नवीन बनवत नाहीत. तुमच्या चिपच्या जवळची एखादी चिप कर्नलमधल्या एखाद्या ड्रायव्हरात आधीच असण्याची शक्यता दाट आहे. आरटीडब्ल्यू८८ २०१९ मध्ये ५.२ मध्ये आला तेव्हा थोड्याच चिप होत्या. पुढे एकेक वाढत गेली, आणि ६.१३ मध्ये ८८१२एयू आणि ८८२१एयू या यूएसबी चिपही आल्या. त्यांचे डीकेएमएस ड्रायव्हर लोक वर्षानुवर्षं वापरत होते. कंपनीची झिप आत गेली नाही. चिपची माहिती तिच्यातून वेचून, असलेल्या ड्रायव्हरात बसवली गेली. तुमची वाट हीच आहे.

यात तुमचा अनुभव कुठे लागतो त्याचं एक उदाहरण देते. चिप तीच असली तरी तिच्याबाहेरचा पॉवर अँप्लिफायर, कमजोर सिग्नल वाढवणारा एलएनए आणि अँटेनाचा स्विच हे प्रत्येक कार्डावर वेगळे असू शकतात. कोणती जुळणी आहे ते कार्डाच्या ईफ्यूजमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत) एका आकड्यात लिहिलेलं असतं. तुमच्या कोडमध्ये त्याला आरएफई टाइप म्हटलेलं असेल. त्या आकड्यावरून ड्रायव्हर रजिस्टरांचा तक्ता निवडतो. तक्ता चुकला तरी कार्ड सापडतं, स्कॅन होतं, २.४ गिगाहर्ट्झ बरं चालतं. ५ गिगाहर्ट्झवर मात्र राउटरच्या खोलीत ठीक आणि भिंतीपलीकडे गेलं की वेग कोसळतो. मेंटेनरकडे त्या चिपचं एखादं कार्ड असलं तरी आरएफई टाइप एकच असणार. बाकीचे टाइप तुमच्या तक्रार करणाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये आहेत. ही माणसं पैसे देऊनही मिळत नाहीत. त्यांच्याकडून तो एक आकडा आणि दोन्ही बँडवरची सिग्नलची डीबीएम पातळी मागवून ठेवा. अख्खा ईफ्यूज डंप मात्र कुणाला उघड्यावर टाकू देऊ नका, त्यात कार्डाचा मॅक ॲड्रेस असतो.

सस्पेंडच्या तक्रारींचं बघू. उठल्यानंतर ड्रायव्हर चिपचं पहिलं रजिस्टर वाचतो तिथे एक ओळ छापून घ्या. ३२ च्या ३२ बिट एक आले, तर चिप बसवर उत्तरच देत नाहीये. तेव्हा वाय-फायच्या कोडमध्ये शोधण्यात अर्थ नाही; कार्ड डी३ या झोपेच्या अवस्थेतून डी० या चालू अवस्थेत परत आलंय का, वरचा पीसीआय ब्रिज जागा आहे का, पीसीआय-ई दुव्याची वीज वाचवणाऱ्या एएसपीएमची एल१ अवस्था आड येतेय का, हे बघायचं. किंमत अर्थपूर्ण आली पण 'फर्मवेअर तयार' हा बिट चढलेला नसेल, तर चिपची वीज मध्ये गेली होती आणि फर्मवेअर पुन्हा भरायला हवं. लक्षण एकच, 'वाय-फाय गायब', पण आजार दोन वेगवेगळे. तक्रारींची या दोन गटांत विभागणी करा, निम्मा गोंधळ तिथेच सुटेल.

पायरीपायरी

ताई, बाकी सगळं पटलं, पण स्टेजिंगची वाट तुम्ही फार लवकर बंद केलीत. आरटीएल८७२३बीएस चिपचा ड्रायव्हर २०१७ पासून, ४.१२ पासून, स्टेजिंगमध्येच आहे आणि लोक वापरतात. तिथे असला की निदान बिल्ड तरी फुटत नाही, इंटरफेस बदलणारा तोही ड्रायव्हर दुरुस्त करतो. तारेविनांचं रोजचं ओझं लगेच उतरेल.

रेडिओवेडी

ओझं उतरेल हे खरं. आरटीएल८७२३बीएसवर बऱ्याच जणांनी मेहनत घेतली आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण मॅक८०२११वर बसणारा ड्रायव्हर शक्य असताना त्याच कामाचा दुसरा स्टॅक स्टेजिंगमध्ये घालायला आज कुणाला पटवणं कठीण आहे. आर८१८८ईयू या ड्रायव्हरचं काय झालं ते बघा. २०२१ मध्ये तो स्टेजिंगमध्ये आला. स्वयंसेवकांनी मेलेला कोड काढला, थर कमी केले, असंख्य पॅच गेले. दरम्यान मॅक८०२११वरच्या आरटीएल८एक्सएक्सएक्सयू ड्रायव्हरात तीच चिप चालू लागली आणि २०२३ मध्ये स्टेजिंगमधला ड्रायव्हर काढून टाकला. ज्यांनी काम केलं त्यांना कर्नलची पद्धत शिकायला मिळाली, ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण तारेविनांकडे वेळ मोजका आहे. तो त्यांनी थेट टिकणाऱ्या ड्रायव्हरात घालावा, असं मला कळकळीने वाटतं.

तारेविना

खूप आभार. उत्तर द्यायला वेळ लागला, कारण आधी कोड उघडून बघितला.

रेडिओवेडी ताई, डीफ्रॅगची फाइल बघितली. तुम्ही म्हणता ती किल्लीची तपासणी नाही. रीडमीमध्ये सगळ्यात वर आजच लिहिलं.

दुसरं, जवळची चिप सापडली. चालू करण्याचा क्रम शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिला. मोजक्या ओळी सोडल्या तर तोच आहे. फ्रेम पाठवताना चिपला दिल्या जाणाऱ्या माहितीची, म्हणजे टीएक्स डिस्क्रिप्टरची, रचनाही तीच. सस्पेंडच्या तक्रारींतल्या काही जणांनी रजिस्टर वाचून पाठवलं. बहुतेकांना सगळे बिट एक, आणि एएसपीएम बंद करून बूट केल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांचं कार्ड उठायला लागलं.

आता दोन अडचणी आहेत. फर्मवेअर वेगळ्या फाइलीत नाही, सी भाषेच्या एका प्रचंड ॲरेमध्ये आकडे भरलेत आणि त्या फाइलीच्या डोक्यावर जीपीएल लिहिलंय. ते कसं पुढे न्यायचं? आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. पुढे माझा लॅपटॉप मोडला, चाचणी करायला काही उरलं नाही, तर आत घातलेल्या कोडची जबाबदारी कुणाची?

रेडिओवेडी

रीडमी लगेच बदललंत हे फार चांगलं केलंत.

फर्मवेअर आधी. ॲरे कर्नलच्या कोडमध्ये घालता येणार नाही. ड्रायव्हर 'रिक्वेस्ट फर्मवेअर'ने फाइल मागतो आणि ती फाइल लिनक्स-फर्मवेअर या वेगळ्या रिपॉझिटरीत असावी लागते. तिथे प्रत्येक फाइल कुठून आली आणि कोणत्या परवान्यावर वाटता येते याची नोंद 'व्हेन्स' फाइलीत होते. बायनरी आकड्यांवर जीपीएल लिहून भागत नाही, कारण जीपीएल म्हणजे मूळ सोर्सही देणं आलं आणि तो कंपनीने दिलेला नाही. वाटपाची परवानगी देणारा साधा परवाना कंपनीनेच द्यायला हवा. जवळच्या चिपचं फर्मवेअर तिथे आधीपासून असेल, तर ते कुणी पाठवलं हे गिटच्या इतिहासात दिसेल. त्यांना लिहा, लिनक्स-वायरलेस मेलिंग लिस्टला सीसी ठेवा, आणि एकच गोष्ट मागा: या फाइलीसाठीही तोच परवाना. मागणी नेमकी आणि छोटी असली की उत्तर येण्याची शक्यता वाढते. परवानगी मिळाली नाही तर बी४३ या वाय-फाय ड्रायव्हरची वाट उरते. तिथे वाटायला परवानगी नव्हती म्हणून वापरणाऱ्याने बी४३-एफडब्ल्यूकटर चालवून कंपनीच्या ड्रायव्हरातून फर्मवेअर काढायचं असं ठरलं. त्याने काम होतं, पण नवीन माणसाला इन्स्टॉल करतानाच नेट हवं आणि नेटसाठी फर्मवेअर हवं, अशी अडचण येते. म्हणून परवानगीसाठी चिकाटी ठेवा.

जबाबदारीबद्दल. कर्नलमधला कोडही कायमचा नसतो. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ६.८ मधून फार जुन्या वाय-फाय कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढले, कारण ती कार्डं वापरून बघणारं कुणी उरलं नव्हतं. उद्या तुमचा लॅपटॉप मोडला तर लिस्टवर दोन ओळी लिहायच्या: माझ्याकडे आता हार्डवेअर नाही, यापुढे चाचणी करू शकणार नाही. मेंटेनर्स फाइलीत 'ऑर्फन' (सांभाळणारं कुणी नाही) अशी नोंदच आहे, त्यात कमीपणा काही नाही. गप्प राहणं मात्र त्रासदायक ठरतं. मेंटेनर वाट बघत बसतो आणि पॅच अडकून राहतात. तुम्ही भावंड-चिपच्या ड्रायव्हरातच भर घालणार आहात, तेव्हा मुख्य मेंटेनर आधीपासून आहेच. तुम्ही 'आर' म्हणून नाव द्या, त्या चिपच्या तक्रारींना उत्तरं द्या, एवढं पुरे.

पहिला पॅच चिपचा पाठवू नका. त्या ड्रायव्हरात एखादी छोटी, खरी दुरुस्ती शोधा आणि ती पाठवा. विषयात 'वायफाय:' हा इंग्रजी उपसर्ग, मग ड्रायव्हरचं नाव. मेल साध्या मजकुरात, कारण एचटीएमएल मेल लिस्ट नाकारते. खाली तुमची साइन्ड-ऑफ-बाय, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क आपल्याला आहे असं सांगणारी सहीची ओळ. पॅच वायरलेस-नेक्स्ट या पुढच्या कर्नलसाठीच्या शाखेवर आधारलेला हवा. मर्ज विंडोच्या (नव्या कर्नलसाठी जमलेले बदल एकत्र करण्याच्या) दोन आठवड्यांत नवीन काम घेत नाहीत, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून खचू नका. पहिल्याच रिव्ह्यूत दहा सूचना आल्या तर तो नकार समजू नका; ज्याला तुमचा पॅच नको असतो तो इतकं वाचत बसत नाही.

चिपच्या पॅचांची मालिका नंतर. आधी असलेल्या कोडमधले बदल जे जवळच्या चिपलाही चालतील, मग तक्ते, मग पॉवरचा क्रम, आणि पीसीआय आयडी (ज्यावरून कर्नल कार्डाला ड्रायव्हर जोडतो) सगळ्यात शेवटच्या पॅचमध्ये. आयडी शेवटी का? कोणत्या पॅचने दोष आला ते शोधायला मध्येच कुणी गिट बायसेक्ट करत असेल तर अर्धवट ड्रायव्हर त्याच्या कार्डाला जाऊन चिकटायला नको. एएसपीएमचं निदान याच मालिकेत कोंबू नका. कोणत्या लॅपटॉपवर एल१ बंद केल्यावर कार्ड उठतं त्यांची डीएमआय नावं (बायोसमध्ये नोंदलेली मॉडेलची नावं) जमवा. दोन-तीनच मॉडेल निघाली तर तेवढ्यांपुरती क्वर्क (खास अपवाद) घालता येईल, सगळीकडे निघाली तर दोष ड्रायव्हरच्या क्रमात आहे. सरसकट एल१ बंद करून टाकू नका, ज्यांचं नीट चालतंय त्यांची बॅटरी उगाच जाते.

आणि रिपॉझिटरी आत्ता बंद करू नका. कोणत्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) कर्नलपर्यंत बिल्ड सांभाळणार ते जाहीर करा, त्यापुढचे अट-पॅच घेणं थांबवा. तो वेळ मालिकेला द्या. कर्नलमधला ड्रायव्हर एखाद्या एलटीएसमध्ये पोहोचला की रिपॉझिटरी आर्काइव्ह करून तिकडे बोट दाखवा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) असलेल्यांना त्यानंतर मॉड्यूल स्वतः सही करत बसावं लागणार नाही, हेही त्यांना सांगा.

चिपचा क्रमांक निरोपात पाठवा. माझ्याकडे त्या चिपचा लॅपटॉप निघाला तर मालिका चालवून टेस्टेड-बाय (चाचणी केल्याची नोंद) देईन. नसला तरी रिव्ह्यू करेन.

तारेविना

क्रमांक पाठवलाय. जवळच्या चिपच्या ड्रायव्हरात एका ठिकाणी एरर आली तर मेमरी मोकळी होत नाही असं ताडताना दिसलं होतं. पहिला पॅच त्याचाच करतो.